फॉरमॅट मारण्याआधी

नेट लावलं की मशीन बंद पडते आणि वायर काढली की दिवसभर बिनघोर चालते. उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या दुकानांपासून अंबरनाथ-बदलापूरच्या स्टेशनबाहेरच्या गाळ्यांपर्यंत दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांची ही जुनी तक्रार आहे. तिच्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे फॉरमॅट. विंडोज नव्याने टाकायचं, ड्रायव्हर पॅकमधून सगळे ड्रायव्हर एका फटक्यात चढवायचे, वर अँटिव्हायरसची नवी की द्यायची आणि गिऱ्हाइकाला मोकळं करायचं. पंधरा दिवसांनी तीच मशीन त्याच निळ्या पडद्यासह परत येते.

ती परत येण्यामागे कारण आहे. फॉरमॅटने जे पुसलं, ते सगळं त्याच दुपारी परत बसवलेलं असतं: त्याच नेटवर्क कार्डाचा त्याच पॅकमधला तोच जुना ड्रायव्हर, तोच फायरवॉलवाला अँटिव्हायरस. पुसली जाते ती एकच गोष्ट, मशीनने कोसळताना लिहून ठेवलेली नोंद. दुखणं कुठे आहे हे सांगणारा एकमेव कागद आपण आपल्या हाताने फाडतो, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

या तीन गावांत हा प्रश्न जास्त दिसण्यासारखी परिस्थिती आहे. उल्हासनगर हे व्यापाराचं गाव. फर्निचर, जीन्स, कापड यांच्या पेढ्या आणि त्यांचे हिशेब ठेवणारी करसल्लागारांची ऑफिसं इथे आहेत. एका खोलीत तीन-चार मशीन, त्यांतली एक टॅलीची सर्व्हर, डिजिटल सहीचा डोंगल, प्रिंटर शेअर केलेला. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या लहान युनिटांत यंत्राशेजारी एक जुना कॉम्प्युटर वर्षानुवर्षं चालू असतो, कारण यंत्राचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. बदलापूर मुख्यतः नोकरदारांचं. मशीन पुष्कळदा असेम्बल्ड, सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. इंटरनेट बराच काळ केबलवाल्याचं होतं: गच्चीवरून गच्चीवर टाकलेली लॅनची वायर आणि डेस्कटॉपवर युजरनेम-पासवर्ड मागणारा डायलर. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडल्या की त्या वायरीतून मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट जळायचा. मग स्वस्त पीसीआय कार्ड बसायचं, नाहीतर यूएसबीचा लॅन ॲडॉप्टर. जळलेल्या पोर्टचा ड्रायव्हर तसाच राहायचा, नव्याचा वर चढायचा. एकाच मशीनमध्ये दोन-तीन नेटवर्क ड्रायव्हर, डायलरचा आपला वेगळा, आणि सगळ्यांवर पहारा ठेवणारी फायरवॉल. भांडणाची तयारी अशी आधीच झालेली असते.

आता हे भांडण नेमकं कुठे होतं ते पाहू. ब्राउझरने मागितलेलं पान कार्डापर्यंत थेट जात नाही. आधी विनसॉक, मग टीसीपी-आयपीचा थर, त्याखाली एनडीआयएस नावाचा थर आणि अगदी तळाशी कार्ड बनवणाऱ्याचा ड्रायव्हर. एनडीआयएस ही मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी मिळून आखलेली पद्धत. कार्ड कोणाचंही असो, वरच्या थराला सगळी सारखी दिसावीत हा तिचा हेतू. फायरवॉलला जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट तपासायचं असतं, म्हणून ती या रस्त्यात मध्येच कुठेतरी आपला ड्रायव्हर घुसवते. हे सगळे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. तिथे एखाद्याचा पाय घसरला तर फक्त त्याला बंद करून पुढे जाता येत नाही. विंडोज पूर्ण यंत्रणाच थांबवते, कारण चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाण्यापेक्षा थांबणं बरं. निळा पडदा म्हणजे हे थांबणं.

एक फायरवॉल आणि एक कार्ड सहसा गुण्यागोविंदाने नांदतात. गोंधळ होतो तो रस्त्यात दोन तपासनीस बसल्यावर, किंवा तपासनीस नवा आणि कार्डाचा ड्रायव्हर जुना असल्यावर. पहिला ड्रायव्हर पॅकेट तपासायला थांबवून ठेवतो, तेवढ्यात दुसरा त्याची जागा मोकळी करून टाकतो, आणि पहिला परत त्या जागेला हात घालतो तेव्हा तिथे भलतंच काहीतरी असतं. कधी एक ड्रायव्हर पॅकेट तपासून परत रस्त्यावर सोडतो, दुसऱ्याला ते नवीन वाटतं, तोही तपासून परत सोडतो, आणि दोघांत चक्र सुरू होतं. मशीन आधी लटकते आणि मग डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन असं लिहून बंद पडते. लॅपटॉप झाकून उघडला की कोसळणारी मशीन हा आणखी एक प्रकार. झोपेतून उठताना कार्ड क्षणभर नाहीसं होतं आणि फायरवॉलचा ड्रायव्हर अजून त्याच्याच आशेवर बसलेला असतो.

सगळ्यांत जास्त दिसणारा संदेश मात्र वेगळा आहे: ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, कोड डी१. कर्नलमधल्या कामांना प्राधान्याच्या पातळ्या असतात. नेटवर्कचं बरंचसं काम वरच्या पातळीवर चालतं, आणि त्या पातळीवर असताना डिस्कवर हलवलेली मेमरी मागवता येत नाही. ड्रायव्हरने चुकीच्या पत्त्याला हात घातला, किंवा अशा हलवलेल्या मेमरीला घातला, की डी१ येतो. संदेशाखाली किंवा कंसात एका फाइलचं नाव असतं, आणि बहुतेक जण तिथेच फसतात. नाव बरेचदा नेटआयओ, एनडीआयएस किंवा टीसीपीआयपी यांपैकी असतं. या तिन्ही फाइली मायक्रोसॉफ्टच्याच. ते नाव वाचून दुकानदार म्हणतो, विंडोज करप्ट झालं, आणि फॉरमॅट मारतो. खरं तर ते नाव अपघात झाला त्या ठिकाणाचं आहे. बिघडलेलं पॅकेट दुसऱ्याच कोणीतरी पुढे सरकवलेलं असतं आणि ते हातात पडल्यावर मायक्रोसॉफ्टचा थर कोसळतो. करणाऱ्याचं नाव शोधायला कोसळताना लिहिलेली ती नोंद, म्हणजे डम्प फाइल उघडावी लागते.

हा सगळा पसारा कसा वाढला ते थोडं सांगायला हवं. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म पसरला. एक्सपीची मशीन नेटला जोडली की साठ सेकंदांत बंद होण्याची सूचना झळकायची. एक्सपीत फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असायची. पुढच्या वर्षी सॅसर आला. लोकांनी धडाधड झोनअलार्म, सायगेट, केरिओ अशा फायरवॉल बसवल्या आणि ऑगस्ट २००४च्या सर्व्हिस पॅक २ने विंडोजची स्वतःची फायरवॉल आपोआप चालू केली. तेव्हापासून एका मशीनमध्ये दोन फायरवॉल असणं नेहमीचंच झालं. त्या काळच्या फायरवॉलना कर्नलमध्ये शिरायला सरळ दरवाजा नव्हता. कोणी विनसॉकमध्ये थर घालायचं, कोणी एनडीआयएसमध्ये मधला ड्रायव्हर बसवायचं, कोणी तर कर्नलच्या तक्त्यांत खाडाखोड करायचं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मायकेल स्विफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३च्या आपल्या निबंधात एक्सपीच्या नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होत असल्याचा आकडा दिला होता. त्यात सगळे ड्रायव्हर आले, फक्त नेटवर्कचे नव्हेत, पण दिशा कळते.

व्हिस्टाबरोबर मायक्रोसॉफ्टने विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म आणला आणि एनडीआयएसची सहावी आवृत्ती. फायरवॉलवाल्यांना अधिकृत जागा मिळाली. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये कर्नलच्या तक्त्यांना हात लावला तर यंत्रणा स्वतःच थांबते, अशी तटबंदीही आली. भांडणं कमी झाली, संपली नाहीत. जुलै २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने डीएनएसची एक सुरक्षा दुरुस्ती पाठवली आणि झोनअलार्म असलेल्या असंख्य मशीनचं नेट त्याच दिवशी बंद पडलं. दुरुस्तीने विंडोजचं वागणं बदललं होतं आणि फायरवॉलला ते बदललेलं वागणं संशयास्पद वाटलं. एप्रिल २०१९च्या विंडोज अपडेटनंतर सोफोस, अव्हास्ट, अविरा अशी काही उत्पादनं असलेल्या मशीन सुरू होतानाच गोठल्या. म्हणून तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी विचारीन की बिघाडाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत काय अपडेट झालं. विंडोजच्या रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये हे तारीखवार दिसतं. कोणत्या दिवशी कोणता ड्रायव्हर आला आणि त्यानंतर लाल फुली कधी पडली, हे एका नजरेत समजतं. इतकं उपयोगी पान इतक्या कमी लोकांनी उघडलेलं असावं, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडच्या अँटिव्हायरसचा इतिहासही यात येतो. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात क्विक हील उभं केलं. मुंबईच्या मायक्रोवर्ल्डचं ईस्कॅन, चेन्नईचं के७ हीही त्याच पिढीची नावं. सुरुवातीला ही उत्पादनं फाइली तपासायची. पुढे सगळ्याच कंपन्यांनी, देशी आणि परदेशी, एका डब्यात फायरवॉल, वेब तपासणी, मेल तपासणी असं सगळं भरलं. गिऱ्हाईक मात्र अजून ‘अँटिव्हायरस’च मागतं. डब्यात फायरवॉलही आहे आणि तिने नेटवर्कच्या रस्त्यात ड्रायव्हर बसवला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. मग जुन्याची मुदत संपली म्हणून दुसऱ्या कंपनीची की स्वस्तात घेतली जाते आणि जुना नीट न काढताच नवा वर चढतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. घड्याळाशेजारच्या चिन्हावर उजवी क्लिक करून फायरवॉल बंद केली म्हणजे तिचा ड्रायव्हर निघाला, असं होत नाही. ती नियम लावणं थांबवते, पण ड्रायव्हर कर्नलमध्ये तसाच बसून असतो आणि प्रत्येक पॅकेट त्याच्या हातातून जातच असतं. ‘फायरवॉल बंद करून पाहिली, तरी कोसळते, म्हणजे तिचा दोष नाही’ हा निष्कर्ष म्हणून चुकीचा. तपासायचं असेल तर ती काढूनच टाकावी लागते. कंट्रोल पॅनेलमधून काढल्यावरही पुष्कळदा शेपूट मागे राहतं, म्हणून बहुतेक मोठ्या कंपन्या आपापलं सफाईचं साधन देतात. ते उतरवून घेऊन, शक्यतो सेफ मोडमध्ये चालवायचं.

शेपूट राहिलं का ते असं पाहता येतं. रनमध्ये एनसीपीए डॉट सीपीएल टाइप केलं की कार्डांची खिडकी उघडते. तिथे बंद पडलेल्या जुन्या कार्डांची आणि विसरलेल्या व्हीपीएनची चिन्हं आधीच दिसू लागतात. चालू कार्डावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज. समोर खुणांच्या चौकटींची यादी येते: क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, क्यूओएस पॅकेट शेड्यूलर, इंटरनेट प्रोटोकॉल ४ आणि ६. ही घरची मंडळी. त्यांच्यामध्ये एखाद्या सुरक्षा कंपनीच्या नावाचा फिल्टर दिसला आणि ते उत्पादन तर गेल्या वर्षीच काढलेलं असलं, तर पहिला संशयित हाती लागला. त्याची खूण काढा, मशीन पुन्हा सुरू करा आणि एक मोठी फाइल उतरवून बघा. नव्या पद्धतीने बसलेल्या फायरवॉल या यादीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी सिस्टम इन्फर्मेशनमधली सिस्टम ड्रायव्हर्सची यादी वाचावी लागते.

बदलापूर-अंबरनाथच्या घरांतून या यादीत मार्च २०२०नंतर मोठी भर पडली. रोज लोकलने ठाणे, ऐरोली, मुंबई गाठणारी माणसं घरून काम करू लागली आणि घरच्या मशीनवर ऑफिसचा व्हीपीएन आला. नोकरी बदलली की दुसरा आला, पहिला तसाच राहिला. प्रत्येकाचं आभासी कार्ड वेगळं, काहींचा फिल्टरही वेगळा. इंजिनीअरिंगचा मुलगा घरात असेल तर व्हर्च्युअलबॉक्सचा पूल आणि वायरशार्कबरोबर येणारा एनपीकॅप हे आणखी दोन. यांतलं एकेक निर्दोष असेलही. पण रस्त्यात पाच जण उभे असताना सहावा आला आणि मशीन कोसळू लागली, तर सहाव्यालाच दोष देण्याआधी आधीचे पाच कमी करून पाहावेत. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र घरच्या अँटिव्हायरसची की कधीच चढवू नये. तिथे कंपनीची सुरक्षा आधीच कर्नलमध्ये बसलेली असते.

डम्पकडे येऊ. निळ्या पडद्यावर टक्के मोजले जात असतात तेव्हा विंडोज एक छोटी फाइल तयार करत असतं. ती सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या मिनीडम्प या कप्प्यात जाते, नावात तारीख असते. कप्पा रिकामा असेल तर दोन शक्यता आधी बघा. स्पीड वाढवण्याच्या नादात कोणी पेजफाइल बंद केली असेल, तर डम्प लिहिलाच जात नाही. किंवा कचरा साफ करणारं एखादं सॉफ्टवेअर दर आठवड्याला तो पुसत असेल. फाइली मिळाल्या तर निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू हे फुकट साधन त्या उघडतं आणि कोसळण्याच्या वेळी मध्ये असलेले ड्रायव्हर रंगवून दाखवतं. अजून खोलात जायचं तर मायक्रोसॉफ्टचं विंडबग आहे. एका डम्पवरून निकाल देऊ नये. चार-पाच डम्प शेजारी ठेवावेत. प्रत्येकात नेटआयओच्या मागे त्याच एका कंपनीची फाइल उभी असेल तर संशय पक्का. प्रत्येकात नावं वेगळी आणि कोडही वेगळे असतील, तर ड्रायव्हर सोडून रॅमकडे वळावं.

दुसरी कसोटी सेफ मोड विथ नेटवर्किंगची. त्यात कार्डाचा ड्रायव्हर चढतो, पण बाहेरच्या फायरवॉलचे ड्रायव्हर बहुतेक वेळा चढत नाहीत. तिथे तासभर डाउनलोड चालवून मशीन टिकली आणि नेहमीच्या विंडोजमध्ये दहा मिनिटांत कोसळली, तर कार्ड जवळपास निर्दोष सुटतं. डायलरचं कनेक्शन सेफ मोडमध्ये बहुधा जुळत नाही, म्हणून ही चाचणी राउटरमध्येच लॉगिन टाकून, लॅनच्या वायरने करावी. सेफ मोडमध्येही कोसळली तर मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर उतरवून घालावा. ड्रायव्हर पॅकचा अंदाज चालत नाही. रिअलटेकच्या एकाच घराण्यातल्या चिपांत इतक्या आवृत्त्या आहेत की ‘बसला’ आणि ‘बरोबर बसला’ यांत अंतर पडतं. नव्या ड्रायव्हरनंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये रोल बॅकचं बटण आहे.

कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधलं लार्ज सेंड ऑफलोड आणि चेकसम ऑफलोड हेही बंद करून पाहण्यासारखं. यात पॅकेटचे तुकडे पाडणं, बेरीज तपासणं ही कामं प्रोसेसरऐवजी कार्ड करतं. काही फिल्टरना अशी न कापलेली मोठी पॅकेट हाताळता येत नाहीत. वेग किंचित कमी होईल, पण कोसळणं थांबलं तर कारण सापडलं. ड्रायव्हर व्हेरिफायर हे शेवटचं हत्यार. ते संशयित ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देतं आणि चूक दिसताच मशीन पाडतं. त्यामुळे आधी रीस्टोअर पॉइंट करा, फक्त बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर निवडा आणि सेफ मोडमध्ये जाऊन ते कसं बंद करायचं हे शिकल्याशिवाय चालू करू नका. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर आपोआप चालू असू शकतो. सेफ मोडला हात घालण्याआधी त्याची रिकव्हरी की लिहून घेतलेली असावी. सेटिंग्जमधलं नेटवर्क रीसेट सगळी कार्डं काढून परत बसवतं, पण टॅलीच्या लॅनसाठी हाताने दिलेला आयपी पत्ता आणि डायलरचा पासवर्डही त्यात जातो. ते आधी वहीत उतरवावं.

याच्या उलट टोकाची चूकही व्यापारी ऑफिसांत रोज होते. दुसऱ्या मशीनवरून टॅलीची सर्व्हर दिसत नाही, प्रिंटर सापडत नाही, की कोणीतरी सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज फायरवॉलची सेवाच डिसेबल करतं. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं आहे की ही सेवा थांबवणं त्यांना मान्य नाही. स्टार्ट मेनू बंद पडणं, ॲप्स न बसणं, असे परिणाम होऊ शकतात. गरज असते ती त्या एका प्रोग्रॅमला परवानगी देण्याची, आणि ते काम दोन मिनिटांचं आहे. रॅन्समवेअरने हिशेबाचा डेटा कुलूपबंद केल्यावर ती दोन मिनिटं आठवून उपयोग नसतो.

काही मशीनमध्ये ड्रायव्हरचा काही संबंध नसतो, फक्त लक्षणं सारखी असतात. इथल्या पावसात, आणि रासायनिक कारखान्यांच्या हवेत, रॅम आणि कार्डांचे संपर्क काळवंडतात. रॅम काढून पट्टी खोडरबरने हलक्या हाताने घासून परत बसवली की कित्येक निळे पडदे थांबतात. रात्रभर मेमटेस्ट चालवावी. थकलेला एसएमपीएस, विजेने अर्धवट जळलेला लॅन पोर्ट हेही याच रांगेत. वायर काढली की मशीन नीट चालते, एवढ्यावरून दोष सॉफ्टवेअरचाच असं ठरत नाही. अर्धमेला पोर्टही वायर लावल्यावरच गोंधळ घालतो. तो बायोसमध्ये बंद करून दुसऱ्या कार्डावर मशीन चालवली की खुलासा होतो.

१९ जुलै २०२४ला, शुक्रवारी सकाळी, हा कर्नलचा विषय सगळ्या जगाला कळला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा ड्रायव्हरला एक सदोष फाइल पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन कोसळल्या. आपल्याकडे इंडिगोने विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढणं, आणि तो प्रत्येक मशीनसमोर बसून करावा लागला. फॉरमॅटची गरज नव्हती, कारण दोषी फाइल नावानिशी माहीत होती. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा उत्पादनांना कर्नलबाहेर काम करता यावं यासाठी काम सुरू केलं आहे. ते पूर्ण झालं तर या लेखातला बराच भाग जुना होईल, आणि तसा तो व्हावा.

पण त्याचा फायदा नव्या विंडोजला मिळेल. उल्हासनगरच्या पेढ्यांत आणि अंबरनाथच्या युनिटांत चालणाऱ्या विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नाव नोंदवून वाढीव सुरक्षा दुरुस्त्या घेतलेल्या घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदत आहे. विंडोज ७ची मशीन तर २०२०पासूनच वाऱ्यावर आहेत. अशा जुन्या मशीनची कोसळण्याची तक्रार आली, तर दुकानदाराने फॉरमॅटआधी मिनीडम्पचा कप्पा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा, आणि बिलावर ‘फॉरमॅट’ एवढंच न लिहिता कोणता नेटवर्क ड्रायव्हर, कोणत्या आवृत्तीचा आणि कोणती एक फायरवॉल ठेवली हे लिहावं. गिऱ्हाइकाने ते मागावं.